मोलाचा पाहुणा

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी या शब्दाची एक फोड आपल्याकडे पूर्वापार सांगतात. मनूने तर मुक्कामाची मर्यादाही घालून दिली आहे. जो एकच रात्र राहतो तो अतिथी. तैत्तिरीयाच्या शीक्षावल्लीत गुरुगृहाहून निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करितात, त्यात माता, पिता आणि आचार्य यांच्या पंक्तीला अतिथीसही देवाच्या ठिकाणी बसविले आहे. हल्ली मात्र जो पाहुणा येतो तो दोन महिने आधी दिवस ठरवितो, माणसे किती ते कळवितो, आणि अर्धे पैसे विसार म्हणून आगाऊ पाठवितो. तिथी नेमून आलेल्या आणि मोल मोजून राहणाऱ्या या गृहस्थास अतिथी म्हणावे की गिऱ्हाईक म्हणावे?

प्रश्न केवळ शब्दकोशाचा असता तर तो वाचकांपुढे आणण्याचे कारण नव्हते. माझा मुक्काम कोहमारा येथे. नागपुराहून रायपुराकडे जाणारा हमरस्ता आणि गोंदियाहून नवेगावकडे उतरणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदितात, तो आमचा चौरस्ता. रात्रंदिवस मालमोटारींची रहदारी, चहाची दुकाने, धाबे, आणि चारी दिशांस धानाची शेते. एका अंगास नागझिऱ्याचे अरण्य आहे. दुसऱ्या अंगास नवेगावचा बांध; कोलू पाटील कोहळी याने तो बांधिला असे परंपरा सांगते. त्याच्या भोवतीच्या वनास १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा मान मिळाला, आणि २०१३ साली नवेगाव व नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. तेव्हापासून आमच्या चौरस्त्यावर शहरातील मोटारी अधिकच थांबू लागल्या. मंडळी पहाटे अरण्यात शिरतात, सायंकाळी बाहेर येतात, आणि रात्री कोठे टेकावे हे एकमेकांस विचारीत बसतात.

हे पाहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मनात आले की, तलावाकडील आपल्या गावच्या घराच्या दोन खोल्या अशा प्रवाशांस द्याव्या आणि त्यांस घरचे जेवण घालावे. पत्नीची संमती होती. आईने मात्र मोडता घातला. “आपल्या दारातून कोणी उपाशी गेला नाही, अन् आता ताट मोजून पैसे घ्यायचे? अन्न विकू नये,” एवढे बोलून ती माउली माळ घेऊन बसली. अखेर गुरुजींना विचारा, ते सांगतील तसे करू, असे ठरले, आणि पतिपत्नी माझ्याकडे आली. म्हाताऱ्या बाईचे बोलणे उडवून लावण्याजोगे नव्हते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ब्राह्मणाने आपत्काळी व्यापार करावयाचा झाल्यास काय विकू नये याची जी यादी दिली आहे, तीत शिजविलेले अन्न आहे. तेव्हा मी त्यांस म्हटले, “थोडे थांबा. जेथे हा व्यवसाय बरीच वर्षे चालला आहे, अशा ठिकाणी मी येत्या फाल्गुनात जाणार आहे. पाहून येतो, मग बोलू.”

ते ठिकाण महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकास आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते त्या मुखाजवळ बाणकोटचा किल्ला आहे, आणि त्याच्या दक्षिणेस वेळास नावाचे लहानसे गाव आहे. नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव, म्हणून इतिहासाच्या वाचकास त्याचे नाव ठाऊक असते. नव्या पिढीस ते ठाऊक आहे ते कासवांमुळे.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवी थंडीच्या दिवसांत रात्री या वाळूत चढते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करिते, शंभराच्या आसपास अंडी घालिते, खड्डा बुजविते आणि परत जाते. पिलांचे तोंड ती कधी पाहत नाही. पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरीत आणि माणसेही नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली येथे संरक्षणाचे काम आरंभिले. गावच्याच माणसांनी पहाटे किनारा फिरून घरटी शोधावयाची, अंडी कुंपणातल्या वाळूत तितक्याच खोलीवर पुरावयाची, आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिले बाहेर आली की ती समुद्रात सोडावयाची, अशी रीत बसली. २००६ साली कासवमहोत्सव सुरू झाला. पिले पाहावयास पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली. गावात राहण्याची दुसरी सोय नव्हती. म्हणून गावकऱ्यांनी आपली घरे उघडिली. कोकणच्या किनाऱ्यावर इतरत्रही असे यजमान पुष्कळ आहेत, आणि शासनाचीही ‘निवास व न्याहारी’ नावाची योजना आहे. वेळासचे वैशिष्ट्य एवढेच की, एका प्राण्याचे रक्षण आणि घरोघरची चूल ही दोन्ही येथे एकमेकांस बांधिली गेली.

मी ज्या घरी तीन रात्री राहिलो ते जांभ्या दगडाचे कौलारू घर आहे. पुढे सारवलेले खळे, मग ओटी, माजघर, मागे पडवी आणि विहीर, आणि विहिरीपलीकडे नारळ-सुपारीची वाडी. घरात यजमान, त्यांच्या मातोश्री, पत्नी, आणि धाकट्या भावाची पत्नी. धाकटा भाऊ मुंबईस नोकरीला. ओटीलगतच्या दोन खोल्या आणि माळा पाहुण्यांसाठी ठेविलेला. नावे मी मुद्दाम लिहीत नाही. कारण या घराविषयी जे सांगावयाचे ते तेथल्या पुष्कळ घरांस लागू पडेल.

यजमानांचा दिवस साडेचारला सुरू होतो. प्रथम न्हाणीघरातला बंब पेटवावयाचा. दहा माणसांचे गरम पाणी काही क्षणांत होत नाही. पावणेसहाला चहा. मग विजेरी घेऊन मंडळींस वाळूवर न्यावयाचे. कुंपणातल्या प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळी आणि सायंकाळी ती उचलून पाहतात. खाली पिले आली असतील तर ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवितात. दोऱ्यांच्या मागे माणसे उभी राहतात, आणि तळहातात मावेल एवढा तो जीव स्वतःच्या पायांनी समुद्राकडे निघतो. उचलून पाण्यात सोडीत नाहीत. हजारांतून एखादेच पिलू मोठे होते असे जाणकार सांगतात. तरी लाट अंगावर आली म्हणजे दोरीमागची चाळीस-पन्नास माणसे श्वास रोधून पाहतात.

इकडे घरी स्त्रियांचे काम चालूच असते. मंडळी परत आली की घावने आणि ओल्या नारळाची चटणी, किंवा मऊ भात आणि मेतकूट. न्याहारी आटोपते तोच दुपारच्या स्वयंपाकाची तयारी. कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, आमटी, भात, सोलकढी. शनिवारी रात्री बहुधा उकडीचे मोदक, कारण शहरातला पाहुणा मोदकाची आशा धरूनच आलेला असतो. मध्यंतरी खोल्यांतली वाळू झाडावयाची, चादरी धुवावयाच्या, विहिरीचे पाणी किती खाली गेले ते पाहावयाचे. महोत्सवाचे दिवस म्हणजे फाल्गुन आणि चैत्र; नेमके तेव्हाच पाणी कमी होऊ लागते, आणि नळाची सवय असलेला पाहुणा तोंड धूत असता पाणी वाहू देतो. यजमानांनी न्हाणीघराच्या दारावर खडूने लिहिले आहे, “विहीर आमची आजी आहे, जपून.” उपदेशाचा फलक कोणी वाचीत नाही, हा मात्र सर्वजण वाचतात आणि हसत हसत पाणी बंद करितात.

शुक्रवारच्या रात्री निराळा प्रकार. आठाला पोहोचतो म्हणून कळविलेली मंडळी घाट आणि वळणे ओलांडून साडेअकराला दारात उभी राहतात. मुले झोपलेली, मोठी माणसे चिडलेली. कढी पुन्हा ऊन करावयाची, भात नवा टाकावयाचा. मी ओटीवर पडलो होतो, माजघरात भांड्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि धाकट्या जावेने थोरलीस म्हटलेले शब्दही ऐकू आले, “वहिनी, तुम्ही निजा, सकाळी तुमचं उठणं माझ्याआधी.” बारा वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी तक्रार मांडिली. दोन दिवस राहून एकही पिलू बाहेर आले नाही. मुलांचा हिरमोड झाला. तेव्हा पैशांत काही सूट मिळावी. त्यांचा स्वर उद्धट नव्हता. बाजारात माल न मिळाल्यास माणूस ज्या सहजतेने बोलतो त्या सहजतेने ते बोलत होते. यजमान म्हणाले, “साहेब, खोलीचं घेतलं, जेवणाचं घेतलं. कासवाचं काही घेतलेलं नाही. ते आमचं नाहीच, तर विकू कसं?” मग त्यांनी त्या मुलांस जवळ बसवून सांगितले की, वाळूची ऊब कमी असली तर अंडी उबण्यास अधिक दिवस लागतात, फार तापलेल्या वाळूतून माद्या अधिक निघतात, थंड वाळूतून नर. आणखी असे सांगितले की, याच किनाऱ्यावर २०२२ च्या जानेवारीत एका कासवीच्या पाठीवर उपग्रहास संदेश देणारे यंत्र बसविले आणि तिचे नाव प्रथमा ठेविले. आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण केलेली एक कासवी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरास अंडी घालावयास आली. पूर्वसमुद्रातून पश्चिमसमुद्रात आलेल्या त्या पाहुणीची गोष्ट मुले तोंड उघडे टाकून ऐकत होती. सूट मिळाली नाही. तथापि निघताना त्या गृहस्थांनी पुढच्या वर्षीची दोन दिवसांची नोंद करून ठेविली.

या एका उत्तराने माझ्या मनातील निम्मा गुंता सुटला. विकण्याची वस्तु कोणती आणि न विकण्याची कोणती, याची रेघ त्या माणसाने स्वच्छ आखिली होती. छप्पर, तांदूळ, सरपण, चादर आणि श्रम यांचे मोल आहे. समुद्र, कासव आणि मुलांस गोष्ट सांगणे यांचे नाही. जेथे ही रेघ पुसली जाते तेथे धर्म बुडतो. मग ताटाचे पैसे घ्या अथवा न घ्या.

मनूच्या निषेधाचे काय, असे कोणी विचारील. निषेध आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही. परंतु त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात दुसरीही एक गोष्ट आहे, तिची आठवण आपणांस सहसा राहत नाही. जे गृहस्थ अविचाराने दुसऱ्याच्या घरी शिजलेल्या अन्नावर जगतात, ते पुढील जन्मी त्या अन्नदात्यांची जनावरे होतात, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे यजमानाने विकू नये हे जसे सांगितले, तसे पाहुण्याने फुकट चरू नये हेही सांगितले. सहकुटुंब तीन दिवस दुसऱ्याच्या घरी राहून, पंचपक्वान्ने जेवून, निघताना मुलाच्या हातावर नोट ठेविली की ऋण फिटले असे मानणारे पाहुणे आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा जो सरळ विचारतो, “रात्रीचे किती?” आणि तेवढे देऊन मोकळा होतो, तो परान्नाच्या ऋणातून सुटण्याचा प्रामाणिक मार्ग शोधितो असेच म्हटले पाहिजे.

तथापि खरा धडा मला शास्त्राने न देता एका वहीने दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी ओटीवर हिशेब लिहीत बसल्या होत्या. शाळामास्तराची दृष्टी वहीकडे जावयाचीच. तांदूळ, नारळ, गॅस, वीज, साबण अशा नोंदींखाली रोजच्या रोज एक ओळ होती, तिचे नाव “हात”. आणि त्या ओळीत तीन आकडे. मी विचारले, “वहिनी, हे हात म्हणजे काय?” त्या म्हणाल्या, “गुरुजी, पहिली दोन वर्षं नफा फार दिसायचा. घरात सगळे खूश. मग धाकटीनं एकदा विचारलं, बाहेरची बाई लावली असती तर तिला किती दिले असते? तेव्हा कळलं, आमची तिघींची मजुरी धरलीच नव्हती. आता धरतो. सासूबाईंची अर्धी, त्या बसून नारळ खवतात, वाटप करतात. धाकटीची तिच्या खात्यात जाते.” एवढे बोलून त्यांनी पुढली बेरीज घेतली.

मी पुष्कळ वेळ समुद्राकडे पाहत बसलो. आपल्या थोर घराण्यांच्या कीर्तीत एक वाक्य नेहमी असते, “त्यांच्या घरी रोज वीस पान उठे.” ते वाक्य घरच्या पुरुषाच्या नावावर जमा होते. वीस पानांची भाकरी कोणी थापली, उन्हाळ्यात चुलीपुढे कोण बसले, शेवटच्या पंगतीला आमटी उरली नाही तेव्हा मीठ-भात कोणी खाल्ला, याची नोंद कोठल्याही वहीत नाही. अतिथी देव खरा. पण त्याची पूजा एकाने सांगावयाची आणि दुसरीने करावयाची, अशी वाटणी आपण पिढ्यान्‌पिढ्या चालविली. पैसे देणाऱ्या पाहुण्याने एक विलक्षण गोष्ट केली. त्याने ताटाचे मोल विचारिले. ताटाचे मोल सांगावयाचे म्हणजे त्यात काय काय गेले ते मोजणे आले. आणि मोजू लागताच घरातल्या बायकांचे हात प्रथमच हिशेबात दिसले.

यात शास्त्राविरुद्ध काही आहे असे मला वाटत नाही. महाभारताच्या आश्वमेधिकपर्वातील सोनेरी अंगाच्या मुंगसाची कथा वाचकांस ठाऊकच आहे. कुरुक्षेत्री दाणे वेचून जगणारे एक ब्राह्मण कुटुंब. दुष्काळात कसेबसे शेरभर सातू मिळाले. त्याचे चार वाटे केले, आणि जेवावयास बसणार तोच अतिथी आला. आपण ही कथा सांगताना ब्राह्मणाने सर्व सातू दिले असे सांगून मोकळे होतो. व्यासांनी तसे सांगितलेले नाही. आधी ब्राह्मणाने आपला वाटा दिला. मग पत्नीने आपला देऊ केला, आणि तो घ्यावयास पती कचरला. मग पुत्राने दिला. शेवटी सुनेने दिला, आणि तिची कृश काया पाहून सासऱ्यास तो घेववेना; तिने धर्माचा आधार देऊन आग्रह केला तेव्हा त्याने घेतला. चौघांचे वाटे निराळे, चौघांचे दान निराळे, आणि चौघांस पुण्यही स्वतःचे. सुनेचा वाटा सासऱ्याने आपल्या नावावर लिहिला नाही. युधिष्ठिराचा यज्ञ या दानाच्या तोडीचा ठरला नाही, त्याचे एक कारण मला आता येथे दिसते.

मुंबईतील खाणावळवाल्या स्त्रियांची हकीकत याच जातीची आहे. गिरणीकामगारांस घरी रांधून वाढणाऱ्या त्या बायका वर्षानुवर्षे सावकाराच्या कर्जात होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढिले आणि त्यांस बँकेच्या कर्जाचा मार्ग मोकळा करून दिला. राज्यशासनानेही २०२३ साली ‘आई’ या नावाचे महिलांसाठीचे पर्यटनधोरण जाहीर केले. त्यात पर्यटनाचा व्यवसाय करू पाहणाऱ्या स्त्रियांच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद आहे. म्हणजे जी गोष्ट वेळासच्या एका सुनेने प्रश्न विचारून घरात घडविली, तिला आता सरकारदरबारीही वाट आहे.

व्यवसाय गोड गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगराच्या बाजूस किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनापासून दापोलीपर्यंतच्या वाड्या झोपविल्या. या घराची कौले उडाली आणि सुपारीची बहुतेक झाडे पडली. नवी सुपारी लाविली तरी पाच-सात वर्षे फळ नाही. त्याच साली साथीमुळे पाहुणेही बंद. “त्या वर्षी दोन्ही हात मोडले,” असे यजमान म्हणाले. जेव्हा पुन्हा माणसे येऊ लागली, तेव्हा पाहुण्यांच्या पैशांतून प्रथम कौले चढली आणि मग नवी रोपे लागली. आज ती रोपे पुरुषभर उंच आहेत. घर विकून मुंबईस भावाकडे जाण्याचे बोलणे त्या दिवसांत दोन वेळा निघाले होते. पाहुण्याच्या मोलाने कोणाची चैन चालत नाही; चार माणसांचे घर आपल्या जागी उभे राहते, एवढेच.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या घरी मोटारीच्या चालकाच्या जेवणाचे पैसे घेत नाहीत. पान मात्र त्याचे त्याच पंगतीत, त्याच ओटीवर मांडितात. एका पाहुणीने चालकास मागल्या दारी वाढण्याविषयी सुचविले, तेव्हा आजींनी केवळ एवढेच म्हटले, “बाई, तुम्ही तारीख ठरवून आलात. तो बिचारा तुम्ही आणलात म्हणून आला.” मी चमकून वर पाहिले. ज्याच्या येण्याला स्वतःची तिथी नाही तो अतिथी! संस्कृताचा गंध नसलेल्या त्या वृद्धेने शब्दाची फोड माझ्यापेक्षा नेमकी केली होती.

कोहमाऱ्यास परतल्यावर त्या पतिपत्नींस व त्यांच्या आईस मी जे सांगितले ते थोडक्यात येथे लिहितो. कारण तसाच विचार इतरही घरांत चालला असेल. पहिले, दर आधी सांगावा आणि तोच घ्यावा. निघताना पाहुण्याच्या चेहऱ्याकडे पाहून आकडा वाढवू नये. दुसरे, वाघ दाखवितो असे वचन कोणास देऊ नये. वाघ आपला नव्हे, तलावावरची पाखरेही आपली नव्हेत. तिसरे, आपल्याकडे जे पिकते तेच वाढावे. नव्या धानाचा भात आणि तलावाकाठची भाजी सोडून शहरातल्या पदार्थांचे अनुकरण करू नये. चौथे, वहीत “हात” नावाची ओळ पहिल्या दिवसापासून असावी, आणि त्या ओळीची रक्कम ज्या हातांची त्यांच्याच स्वाधीन व्हावी. पाचवे, जो आपल्या इच्छेवाचून दारात आला, चालक असो, वाट चुकलेला असो, त्याच्या ताटाचे मोल घेऊ नये. त्याचा खर्च इतरांच्या दरातून निघेल इतका दर प्रथमच धरावा.

आईंनी सर्व ऐकून घेतले. मग सुनेकडे पाहून त्या म्हणाल्या, “माझीबी अर्धी मजुरी लिहशील का वं?” सून हसली. तेव्हा त्यांची संमती मिळाली असे आम्ही समजलो.

मोल घेतल्याने आतिथ्य बाटते की नाही, याचा निर्णय तेव्हा असा लागतो. ते बाटते दोन प्रकारांनी. जे आपले नव्हे ते विकले म्हणजे, आणि जे दुसऱ्याच्या श्रमाचे ते आपल्या नावाने वाटले म्हणजे. यांतील पहिले पाप बाजारात घडते; दुसरे आपल्या चांगल्या, सुशिक्षित, अतिथिप्रिय घरांत पैशाचा व्यवहार नसतानाही रोज घडू शकते. ज्या वाचकांच्या घरी दिवाळीत वा लग्नसराईत माणसे यावयाची आहेत, त्यांनी पाहुण्यांकडून एक पैसाही घेऊ नये हेच योग्य. परंतु घरातल्या कोणत्या हातांनी किती पाने वाढिली, हे त्या दिवसांपुरते तरी एका कागदावर लिहून पाहावे, आणि तो कागद घरातील कर्त्या पुरुषाने सर्वांदेखत मोठ्याने वाचावा.